चर बुजवण्याआधी : जमिनीखाली काय आहे, हे कसे कळते?

गणपती गेले आणि पाऊस ओसरला की कोकणात खोदकामाचा हंगाम सुरू होतो. रस्त्याच्या कडेने आधी फायबरची चर निघते, दिवाळीनंतर नळपाणी योजनेची आणि शिमग्याच्या सुमारास कुणाच्या तरी घराच्या पायाचे खोदकाम चालू होते. या दिवसांतले एक दृश्य बहुतेक गावांनी पाहिलेले आहे. जेसीबीचा दात लागतो, चरीतून पाण्याचा फवारा उडतो, वाडीचे नळ दोन दिवस कोरडे पडतात आणि 'इथे लाइन आहे हे कुणी सांगितलेच नाही' यावरून ग्रामपंचायतीत बोलाचाली होते. पाण्याचा पाइप फुटला तर पाणी वाया जाते. त्याच जागी उच्चदाबाची वीजवाहिनी किंवा गॅसची वाहिनी असेल तर खोदणाऱ्याच्या जिवावर बेतते.

हे टाळण्याचे शास्त्र उपलब्ध आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग जमिनीच्या मोजणीचा, म्हणजे एखादी जागा नेमकी कुठे आहे हे ठरवण्याचा. दुसरा भाग त्या जागेच्या पोटात काय पुरले आहे ते खोदल्याशिवाय शोधण्याचा. या लेखात 'वाहिनी' हा शब्द पाण्याचा व सांडपाण्याचा पाइप, विजेची केबल, फायबर आणि गॅसची पाइपलाइन या सर्वांसाठी वापरला आहे.

## जागा सांगायची ती कशापासून?

'फणसापासून सहा पावलांवर, गडग्याला लागून लाइन गेली आहे,' असे गावातला जाणता माणूस सांगतो तेव्हा तोही मोजणीच करत असतो. फणस हा त्याचा संदर्भबिंदू आणि पाऊल हे त्याचे माप. अडचण इतकीच की फणस वादळात पडतो आणि गडगा दुरुस्तीच्या वेळी हातभर सरकतो. मोजणीच्या शास्त्राचा मोठा भाग न पडणारे, न सरकणारे संदर्भ निवडण्यात आणि ते जपण्यात खर्च होतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात जिथे जुने मैलाचे दगड, मोऱ्या आणि कडेची झाडे गेली, तिथे त्यांच्यापासून मोजलेल्या साऱ्या खुणाही निरर्थक झाल्या.

आपली जुनी मोजणी तेहतीस फुटी साखळीने होत असे. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, अर्थात १०८९ चौरस फूट, हा आजही तोंडात असलेला हिशेब त्या साखळीच्या लांबीशी जुळणारा आहे. साखळीनंतर तीन पायांवरचे फलकयंत्र आले, मग कोन आणि अंतर एकाच वेळी मोजणारे ईटीएस मशीन आले आणि आता काठीवर बसवलेला रोव्हर आला आहे. रोव्हर उपग्रहांचे संकेत घेतो. मोबाइलही तेच घेतो. तरीही मोबाइलच्या ठिपक्यात काही मीटरची चूक सहज असते, तर रोव्हर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत नेमके उत्तर देऊ शकतो. हा फरक येतो कुठून, हे समजून घेण्यासारखे आहे.

वाण्याच्या तराजूवर संशय आला तर आपण त्यात आधी ठाऊक असलेले एक किलोचे वजन टाकतो. काटा एक किलो वीस ग्रॅम दाखवत असेल, तर पुढच्या प्रत्येक मापातून वीस ग्रॅम वजा करायचे हे कळते. भारतीय सर्वेक्षण विभागाने हेच उपग्रहांच्या बाबतीत केले आहे. ज्यांची जागा अतिशय काटेकोरपणे ठाऊक आहे अशी कायमस्वरूपी केंद्रे देशभर उभारली असून महाराष्ट्रात ती ७७ आहेत. उपग्रहांच्या संकेतात या क्षणी किती चूक येत आहे, हे केंद्राला स्वतःच्या ठाऊक जागेवरून कळते. ती दुरुस्ती मोबाइल इंटरनेटवरून रोव्हरकडे पोहोचते आणि रोव्हर ती वजा करतो. म्हणूनच आंब्याच्या दाट बागेत किंवा मोबाइलला रेंज नसलेल्या घळीत रोव्हर अडखळतो. वर पानांचे छत असले की उपग्रह नीट दिसत नाहीत आणि रेंज नसली की दुरुस्ती पोहोचत नाही. अशा ठिकाणी उघड्या सड्यावर, म्हणजे मोकळ्या कातळावर, दोन बिंदू रोव्हरने पक्के करून तिथून बागेत ईटीएसने उतरणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

उंचीचा प्रश्न याहून नाजूक आहे. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून, प्रत्यक्ष समुद्रसपाटीपासून नव्हे. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात समुद्रसपाटी त्या गणिती आकाराच्या शंभर मीटरहून अधिक खाली गेलेली आहे, आणि त्या खोलगटपणाचा परिणाम आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतो. त्यामुळे कोकणातल्या एखाद्या पुळणीवर उभे राहून रोव्हरची कच्ची उंची वाचली, तर ती उणे साठ मीटरहून खाली दिसते. सर्वेक्षक ती समुद्रसपाटीला जुळवून घेतो. हा तपशील कोरडा वाटेल; पण सांडपाण्याची वाहिनी केवळ उताराने वाहते आणि तिच्या दोन टोकांच्या उंची दोन वेगळ्या पद्धतींनी काढल्या असतील, तर पाणी उलटे वळते.

## मोजणी झाली आहे, मग पुन्हा सर्वेक्षण कशाला?

घर बांधणाऱ्यांच्या मनात हा प्रश्न हमखास येतो, कारण दोन वेगळ्या कामांना आपण एकच नाव देतो. भूमी अभिलेख विभागाचा भूकरमापक येऊन हद्द कायम करतो, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते आणि 'क' प्रत, म्हणजे हद्दीचा मोजणी नकाशा, मिळते. ही मालकीच्या हद्दीची मोजणी असून वादात तिलाच वजन असते. खासगी सर्वेक्षकाचा नकाशा कितीही सुबक असला तरी तो तिची जागा घेत नाही. बांधकामासाठी मात्र वेगळे सर्वेक्षण लागते. त्यात जमिनीचा उतार, विहीर, झाडे, पऱ्या (ओहोळ), विजेचे खांब, चेंबर आणि वाल यांची जागा व उंची नोंदवली जाते. पहिली मोजणी जमीन कुणाची ते सांगते, दुसरी तिथे काय आहे ते सांगते. मात्र जमिनीच्या पृष्ठभागाखाली दोन्हीपैकी एकही उतरत नाही.

नकाशाला स्वतःचीही मर्यादा असते. १:१००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरच्या जाडीची रेष ओढली, तर जमिनीवर तिची रुंदी अर्धा मीटर भरते. अशा नकाशावर स्केलपट्टी ठेवून 'पाइप इथून दीड फुटावर आहे' असे कुणी सांगत असेल, तर तो रेषेच्या जाडीतच फिरतो आहे.

## आमच्या वाडीत जमिनीखाली असे काय असणार?

वीस वर्षांपूर्वी हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा होता. आता चित्र बदलले आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमुळे निळ्या पट्टीचे काळे एचडीपीई, म्हणजे प्लॅस्टिकचे, पाइप वाडीवाडीत पोहोचले. ग्रामपंचायतींना जोडणारे फायबर रस्त्याच्या कडेने गेले. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने विजेच्या खांबांचे काय होते ते सर्वांनी पाहिले, आणि वादळाचा धोका ओळखून अलिबागसारख्या किनारी शहरात वीजवाहिन्या भूमिगत करण्याचे काम झाले. दाभोळहून थेट बेंगळुरूपर्यंत जाणारी गॅस वाहिनी कोकणच्याच जमिनीतून निघते. जे खांबावर दिसत होते ते जमिनीखाली गेले आणि डोळ्यांआड झाले.

गॅस वाहिनीबाबत एक गोष्ट जमीनमालकाने जरूर लक्षात ठेवावी. १९६२ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा वाहिनीसाठी जमिनीची मालकी न घेता फक्त वापराचा हक्क घेता येतो. मालक तोच राहतो, शेतीही करता येते. पण त्या पट्ट्यात इमारत बांधणे, विहीर किंवा तळे खोदणे आणि झाड लावणे यांना मनाई असते. वाहिनीच्या कडेला लावलेले खुणेचे खांब उपटून कुंपणाला वापरणाऱ्याला आपण काय काढतो आहोत याची कल्पना नसते, म्हणून हे स्पष्टपणे लिहावेसे वाटले.

## केबल लोकेटर : धातूच्या वाहिनीचा माग

तारेतून वीज वाहू लागली की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, हे शाळेत शिकलेले असते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तने पूर्ण करते, म्हणजे शंभर वेळा दिशा बदलते, म्हणून ते क्षेत्रही त्याच तालात बदलते. केबल लोकेटर हा हातात धरायचा काठीसारखा ग्राहक असतो. त्यातील वेटोळ्यांत त्या बदलत्या क्षेत्रामुळे सूक्ष्म वीज निर्माण होते आणि यंत्र आवाज करते. वाहिनीच्या बरोबर वर आल्यावर आवाज वाढतो आणि बाजूला सरकले की मंदावतो. यंत्र केबल पाहत नाही, केबलभोवतीचे क्षेत्र ऐकते. हे नीट ध्यानात ठेवले की त्याच्या मर्यादा आपोआप कळतात.

रस्त्यावरच्या दिव्यांची केबल दिवसा बंद असते, म्हणून ती गप्प राहते. तीन फेजची केबल अगदी समतोल भाराने चालू असेल, तर तिन्ही फेजची क्षेत्रे एकमेकांना बरीचशी पुसून टाकतात आणि भरपूर वीज वाहत असूनही आवाज क्षीण येतो. म्हणूनच यंत्र वाजले नाही एवढ्यावरून केबल नाही असा निष्कर्ष काढणे जिवाशी खेळ ठरतो. जाणकार माणूस पुढची पायरी घेतो : वाहिनीच्या दिसणाऱ्या टोकाला, वालाला किंवा चेंबरमधील धातूच्या भागाला एक लहान प्रेषक जोडतो आणि ठरावीक कंप्रतेचा संकेत तिच्यात सोडून त्याच संकेताचा माग घेतो. याचीही एक खोच आहे. शेजारून समांतर जाणाऱ्या दुसऱ्या केबलवर तो संकेत चढतो आणि माग घेणारा भलत्याच वाहिनीवर रंगाची खूण करून मोकळा होतो. वळणावर आणि जोडाजवळ खोलीचा आकडाही चुकतो.

मोठा प्रश्न मात्र प्लॅस्टिकचा आहे. एचडीपीई पाइपमधून वीज वाहत नाही, त्यामुळे लोकेटरच्या दृष्टीने तो नसल्यात जमा. रिकाम्या नळकांड्यात लहानसा प्रेषक सरकवून त्याचा माग काढता येतो, पण पाण्याने भरलेल्या चालू नळयोजनेत ते सहज जमत नाही.

## जीपीआर : मच्छीमाराला ठाऊक असलेले यंत्र

ज्याने ट्रॉलरवर फिश फाइंडर पाहिला आहे त्याला जीपीआर, म्हणजे जमिनीत डोकावणारे रडार (ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार), समजावण्याची फारशी गरज नाही. फिश फाइंडर पाण्यात ध्वनी सोडतो, तो मासळीच्या थव्यावर किंवा तळावर आपटून परत येतो आणि परतीला लागलेल्या वेळावरून खोली कळते. जीपीआर हे जमिनीवरून ढकलत न्यायचे छोट्या गाड्यासारखे यंत्र ध्वनीऐवजी रेडिओ लहरी सोडते. माती, खडक, पाणी, प्लॅस्टिक आणि धातू यांतून या लहरी वेगवेगळ्या वेगाने जातात, आणि एका पदार्थातून वेगळ्या गुणाच्या दुसऱ्या पदार्थात शिरताना त्यांचा काही भाग परत फिरतो. पाइप प्लॅस्टिकचा असला तरी आतल्या पाण्यामुळे किंवा हवेमुळे तो भोवतालच्या मातीपेक्षा वेगळा ठरतो, म्हणून दिसण्याची शक्यता असते.

पडद्यावर पाइपचे गोल चित्र दिसत नाही. पालथ्या टोपलीसारखी वक्र रेष दिसते. याचे कारण सोपे आहे : यंत्र पाइपकडे येत असताना तिरपे अंतर कमी होत जाते, नेमके वर आल्यावर ते सर्वांत कमी असते आणि पुढे गेल्यावर पुन्हा वाढते. टोपलीचा माथा म्हणजे पाइपचा माथा. शिवाय लहान वस्तू खोलवर दिसत नाहीत. व्यास खोलीच्या साधारण एक दशांश तरी असावा, असा या क्षेत्रातला ढोबळ ठोकताळा आहे. एक मीटर खोलीवरचा चार इंची पाइप दिसेल, घरापर्यंत आलेली पाऊण इंची जोडणी बहुधा दिसणार नाही.

आता खोलीचा हिशेब पाहू. यंत्र प्रत्यक्षात वेळ मोजते, अंतर नव्हे. कोरडसर मातीत रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, साधारण दहा सेंटिमीटर जाते. जाऊन-येऊन वीस नॅनोसेकंद लागले तर पाइप एक मीटर खोल. माती भिजली की हाच वेग सहा सेंटिमीटरपर्यंत उतरू शकतो, आणि मग त्याच वीस नॅनोसेकंदांचा अर्थ साठ सेंटिमीटर होतो. वेग जागेवर न तपासता यंत्राने दाखवलेला आकडा चालकाने पोकलेनवाल्याला सांगितला, तर 'अजून चाळीस सेंटिमीटर बाकी आहेत' या भरवशावर बादली थेट पाइपवर उतरते. वेग तपासण्याचा साधा उपाय म्हणजे जवळच्या चेंबरमध्ये खोली टेपने मोजता येईल अशा पाइपवरून यंत्र फिरवून दोन्ही आकडे जुळवणे.

## कोकणची जमीन यंत्राला काय करते?

परदेशी माहितीपत्रकात छापलेली खोली आपल्याकडे मिळेलच असे नाही, आणि दोष बहुधा यंत्राचा नसतो. वीज वाहून नेणाऱ्या जमिनीत रेडिओ लहरींची ऊर्जा लवकर विरते. चिकणमाती ती विरवते, भिजलेली चिकणमाती अधिक विरवते आणि खारे पाणी तर तिला जवळजवळ गिळूनच टाकते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जांभ्याखाली आणि जांभ्याच्या पोकळ्यांत तांबडी चिकट माती असते, आणि ती पावसाळा संपल्यावरही बरेच दिवस ओल धरून ठेवते. खाजणात आणि खाडीकाठच्या भरावावर तर खारे पाणी भरतीसोबत वर येते. तिथे जीपीआर पुष्कळदा हातभर खोलीनंतर मुके होते. कोरड्या पुळणीवर याच्या उलट चित्र छान स्पष्ट येते, पण मचूळ पाण्याची पातळी लागेपर्यंतच.

जांभ्याची आणखी एक गंमत आहे. हा दगड एकसंध नसतो. त्यात पोकळ्या, कठीण गाठी आणि मऊ मातीचे कप्पे असतात, आणि यांतली प्रत्येक गोष्ट लहर परत फिरवू शकते. त्यामुळे पडद्यावर एक नव्हे, दहा टोपल्या दिसतात आणि त्यांतली पाइपची कोणती हे ठरवावे लागते. उपाय म्हणजे समांतर रेषांत अनेक फेऱ्या मारणे. पोकळी एका फेरीत दिसते आणि पुढच्या फेरीत नाहीशी होते. पाइप मात्र प्रत्येक फेरीत, एकाच सरळ रेषेत, जवळपास त्याच खोलीवर पुन्हा भेटतो. शक्य असेल तर हे काम फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत उरकावे. गणपतीनंतर लगेच काम सुरू करायचे असेल तर त्याचा तपास आदल्या उन्हाळ्यातच करून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

## यंत्रावर एवढा खर्च करण्यापेक्षा हाताने खोदून पाहिले तर?

पाहावेच. पण सगळीकडे खोदता येत नाही, म्हणून कुठे खोदायचे ते यंत्र सांगते आणि यंत्र खरे बोलले का ते खड्डा सांगतो. अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने २००२ मध्ये आणि त्यानंतर ब्रिटनने २०१४ मध्ये जी मानके काढली, त्यांचा गाभा हाच आहे. प्रत्येक वाहिनीची माहिती कशी मिळाली हे नकाशावरच लिहायचे : फक्त जुन्या कागदांवरून, कागदांसोबत दिसणारे चेंबर व वाल मोजून, यंत्राने माग काढून, की प्रत्यक्ष उघडी करून. या चार पायऱ्यांत विश्वासार्हता वाढत जाते आणि खर्चही. एकाच नकाशावर ऐकीव रेष आणि मोजलेली रेष सारख्याच शाईत असतील, तर वाचणारा दोन्हींवर सारखाच विश्वास टाकतो आणि बहुतेक अपघातांचे बीज इथे पडते. पाया किंवा पायलिंग (पायासाठी जमिनीत खोलवर घातलेले खांब) जिथे वाहिनीच्या अगदी जवळ येते तिथे कुदळ-फावड्याने, जपून, हाताने खड्डा घेऊन वाहिनीचा माथा डोळ्यांनी पाहणे आवश्यक असते.

खर्चाचे उत्तर आकड्यात हवे असेल तर अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने १९९९ मध्ये ७१ रस्ते प्रकल्प तपासून काढलेला हिशेब आहे : अशा तपासावरच्या प्रत्येक डॉलरमागे ४.६२ डॉलरची बचत. हा आकडा तिकडच्या मजुरीचा आणि तिकडच्या रस्त्यांचा आहे, तो जसाच्या तसा इथे लावू नये. आपल्याकडे केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले, तेव्हा समन्वयाविना होणाऱ्या खोदकामाने वर्षाला सुमारे तीन हजार कोटी रुपयांचे नुकसान होते असे सांगण्यात आले होते. या ॲपवर खोदणाऱ्याने जागा कळवायची आणि तिथे ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना सूचना जाते. व्यवस्था चांगली आहे. पण ज्या वाहिनीची नोंदच झालेली नाही तिच्याबद्दल कोणतेही ॲप सांगू शकत नाही. वाडीची नळयोजना बहुधा अशीच नोंदीबाहेर राहते.

## सर्वांत स्वस्त शोध

जीपीआरची फेरी, लोकेटरचा आवाज, हाताने घेतलेला खड्डा, हे सगळे एका चुकलेल्या दिवसाची भरपाई आहे. तो दिवस म्हणजे वाहिनी टाकली तो. त्या दिवशी चर उघडी होती, पाइप डोळ्यांसमोर होता आणि एका माणसाला रोव्हर व टेप घेऊन तासाभरात ते मोजता आले असते. प्रत्यक्षात कामाआधी काढलेला आराखडाच पुढे 'पूर्णत्वाचा नकाशा' म्हणून फाइलला लागतो. आराखड्यात पाइप रस्त्याच्या डाव्या कडेने असतो. चर खणताना कातळ लागतो, म्हणून मुकादम तो उजवीकडे घेतो आणि पुढच्या पऱ्यापाशी पुन्हा डावीकडे आणतो. हे वळण फक्त त्या दिवशी तिथे असलेल्या माणसांना ठाऊक असते.

चर बुजवण्याआधी प्रत्येक वळणावर, जोडावर, वालावर आणि सरळ भागात ठरावीक अंतरावर पाइपच्या माथ्याची जागा व उंची मोजावी, सोबत व्यास आणि पाइपचा प्रकार लिहावा, आणि टेप धरून फोटो घ्यावा. एचडीपीई पाइपसोबत तांब्याची एक बारीक तार टाकून तिची टोके वालाच्या चेंबरमध्ये वर काढून ठेवली, तर जो पाइप लोकेटरला कधीच ऐकू आला नसता तो पुढे साध्या लोकेटरनेही सापडतो. पाइपच्या वर हातभर अंतरावर रंगीत इशारा-पट्टी टाकली, तर खोदणाऱ्याला पाइपआधी ती दिसते. एकूण योजनेच्या खर्चात या गोष्टींची भर फार थोडी पडते.

यातले काहीही आपोआप होत नाही, हे मात्र मान्य करावे लागते. म्हणून ही अट कामाच्या आदेशातच लिहावी आणि मोजलेला नकाशा हाती आल्याशिवाय ठेकेदाराचे अंतिम देयक ग्रामपंचायतीने काढू नये. तो नकाशा कपाटात ठेवण्याआधी एकदा ग्रामसभेत भिंतीवर लावावा. चर कुठून कुठे वळली ते पाहिलेली माणसे तिथेच बसलेली असतात, आणि रेष चुकली असेल तर ती बोट ठेवून दाखवतील.